खिडकीतली ज्वारी

आमच्या ऑफिसात सकाळी जो सगळ्यात आधी पोहोचेल त्याने कबुतरांना ज्वारी घालायची आणि मगच कॉम्प्युटर चालू करायचा, अशी पद्धत होती. साहेबांच्या वडिलांच्या वेळची. त्यांनी ऑफिस थाटलं त्या वर्षी पितृपक्षात खिडकीबाहेर पान ठेवलं, कावळा काही फिरकला नाही, छज्ज्यावरची कबुतरंच पुढे आली. म्हाताऱ्यांनी त्यांनाच हात जोडले. पुढे म्हातारे गेले, आणि पितृपक्षापुरतं होतं ते वर्षभराचं झालं. खिडकीखाली ज्वारीचा डबा आला, छज्ज्यावर एक जुनी परात आली. दोन दिवस कोणी ज्वारी घातली नाही तर कबुतरं काचेवर चोच मारायची, आणि आम्ही ते कौतुकाने एकमेकांना दाखवायचो.

ऑफिस नाशिक रोडला, स्टेशनपासून चालत जाण्याइतकं जवळ, एका जुन्या कॉम्प्लेक्सच्या तिसऱ्या मजल्यावर. खेड्यापाड्यांच्या पाणीपुरवठ्याच्या योजना आम्ही कागदावर आणतो. टाकी कुठे, पाइप कुठून, चढ किती, उतार किती. मी नकाशे काढते. लांबट एकच खोली, वर फॉल्स सीलिंग, रस्त्याच्या बाजूला ओळीने खिडक्या, आणि मधल्या खिडकीत बसवलेला एसी. त्या एसीचं अर्धं धूड बाहेर छज्ज्यावर, परातीच्या शेजारी. एसीच्या बरोबर समोर ताईचं टेबल. तिच्या बाजूला माझं.

मी स्वभावाने चिडकी आहे, ते आधीच सांगून टाकते. इंदिरानगरला आमच्या घरी मी टीव्हीवरून बोट फिरवलं की नवरा आणि मुलगी गुपचूप आपापल्या खोलीत जातात. धूळ दिसली की माझ्या डोक्यात तिडीक जाते. ऑफिसात मी माझं फडकं वेगळं ठेवते आणि दुसऱ्या कोणी ते वापरलं तर दिवसभर धुसफुसते. ताई म्हणायची, "हिला वर पाठवलं तर ही आधी ढग झटकेल." ती माझ्याहून थोडीच मोठी, पण मी पहिल्या दिवसापासून तिला ताई म्हणत आले आणि तीही तशीच वागत आली. योजनांचे एस्टिमेट ती करायची. मी रेषा ओढायचे, ती त्या रेषेला किती पाइप लागतील ते काढायची.

ताई गायची. असं नुसतं म्हटलं तर कोणालाही वाटेल की बरं गात असेल. तसं नव्हतं. नाशिक रोडच्या ज्या वसाहतीत ती लहानाची मोठी झाली, तिथल्या जयंतीच्या कार्यक्रमात पहिलं गाणं तिचंच असायचं. महिनाभर आधीपासून विहारात तालीम. बाकीच्या बायका ओळीच्या मध्ये श्वास घ्यायच्या, ती नाही. ती ओळ उचलायची ती थेट शेवटपर्यंत न्यायची, आणि वर हसायची. मी दरवर्षी मुद्दाम जायचे. माझा काही गाण्याचा कान नाही, पण तो दम बघायला जायचे. तिला स्वतःलाही त्याचाच अभिमान होता. लिफ्ट बंद असली की आम्ही सगळे कुरकुर करत चढायचो, ती गुणगुणत चढायची.

मग शहरातले रस्ते खोदायला सुरुवात झाली. सिंहस्थाची कामं म्हणा, गटारांची म्हणा, कशाची म्हणा, आमच्या खालचा रस्ता एका बाजूने उकरून ठेवला तो ठेवलाच. डंपर जायचा आणि पाठोपाठ धूळ उठायची. इंदिरानगरच्या बोगद्यातून गाडी काढून द्वारकेमार्गे ऑफिसला पोहोचेपर्यंत माझ्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. ऑफिसात टेबलं, कीबोर्ड, पाण्याचे ग्लास, सगळ्यावर थर. माझा तर तोल सुटायचीच वेळ आली होती. साहेबांनी शेवटी तोडगा काढला: सगळ्या खिडक्यांच्या फटींवर पॅकिंगची खाकी चिकटपट्टी लावायची आणि एसी दिवसभर चालू ठेवायचा. बाहेरचं बाहेर, आतलं आत. मला फार बरं वाटलं. मी स्वतः स्टुलावर चढून वरच्या फटी बंद केल्या.

एसीच्या शेजारची एक झडप मात्र आम्ही उघडी ठेवली. ज्वारी कुठून घालणार?

आता लिहिताना हात थांबतो. तेव्हा कोणालाही त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. रस्त्याची धूळ नको म्हणून सगळं ऑफिस आम्ही डब्यासारखं बंद केलं, आणि रोज सकाळी ती एकच झडप उघडून पाखरांना बोलावत राहिलो. झाडलोट करायला येणाऱ्या मावशी त्र्यंबकच्या बाजूच्या. त्या त्याच झडपेतून हात बाहेर काढून छज्जा झाडायच्या, कोरड्याच खराट्याने. वाळलेली शीट, पिसं, भुसा. बराच भाग खाली रस्त्यावर जायचा. उरलेला हवेत तरंगायचा, आणि एसी त्याच्या जागेवर घरघरत असायचा.

चिकटपट्टी लावल्यावर धूळ कमी झाली, पण संपली नाही. आणि जी उरली ती वेगळी होती. रस्त्याची धूळ बोटाला खरखरीत लागते, पिवळट दिसते. ही करडी होती, मऊ, दळणाच्या गिरणीत भिंतीवर बसते तशी. फडक्याने पुसली तर निघायची नाही, पसरायची. मी ताईला बोट दाखवलं. तिने माझं बोट बघितलं आणि म्हणाली, "घरी जाऊन आता या बोटाचा फोटो फ्रेम कर." मी हसले. पण तो वास मला आवडला नव्हता. एसी चालू झाला की पहिली काही मिनिटं ओलसर, आंबट वास यायचा, आणि मग नाकाला त्याची सवय होऊन जायची. सवय होणं चांगलं नसतं हे मला तेव्हा कळायला हवं होतं असं मी म्हणणार नाही. तेव्हा कोणाला काय कळतं.

ताईला खोकला लागला तो थंडीच्या तोंडावर. कोरडा, ठसकाही नाही, नुसता घसा खरवडल्यासारखा. आम्ही सगळ्यांनी रस्त्याला शिव्या घातल्या. मावशी म्हणाल्या, "त्या धुरळ्यानं लय वाटोळं केलंय, ताई. आमच्याकडं हवा बघा, आरशावानी हाय." मी आलं-गूळ आणला, साहेबांनी मास्कचं खोकं आणलं. दिवाळीच्या सुट्टीत ताई भावाकडे गेली होती, तिथून तिचा फोन आला तेव्हा आवाज स्वच्छ. सुट्टी संपून ऑफिस सुरू झालं, ज्वारीचा पहिला मान तिने घेतला, आणि दुपारी जेवताना तिला इतका खोकला आला की डबा तसाच बंद करून ठेवला.

थंडीभर हेच. सोमवारी सुरू, आठवड्याच्या मध्यावर जास्त, संध्याकाळी अंगात बारीक ताप. रविवारी बरी. एकदा मीच म्हणाले, "ताई, तुला कामाची अॅलर्जी आहे. डॉक्टरांकडून तसं लिहूनच आण." सगळं ऑफिस हसलं. साहेबही हसले. ताई हसायला लागली आणि हसता हसता तिचा श्वास अडकला. टेबलाची कड घट्ट धरून ती वाकून उभी राहिली, आणि आम्ही सगळे हसू तसंच चेहऱ्यावर ठेवून तिच्याकडे बघत बसलो. मला त्या क्षणी पहिल्यांदा भीती वाटली. कशाची ते सांगता आलं नसतं.

घराजवळच्या डॉक्टरांनी खोकल्याचं औषध दिलं, मग दुसरं दिलं, मग थुंकी तपासली. त्यात काही निघालं नाही म्हणून आम्ही पेढे आणले. क्षय नाही म्हटल्यावर आम्हाला वाटलं, सुटलो. पण ती जिने चढताना आधी दुसऱ्या मजल्यावर थांबायला लागली, मग पहिल्या. कठड्याला टेकून मोबाइल बघतेय असं दाखवायची. मी मागे असले तर मीही मोबाइल काढायचे. आम्ही दोघी जिन्यात उभ्या राहून काहीच न बघता स्क्रीन सरकवत बसायचो, आणि एकमेकींना काही विचारायचो नाही.

मग विहारात तालीम सुरू झाली. दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात आली ती डोळे सुजवून. मी खुर्ची तिच्याकडे ओढली. ती म्हणाली, "अर्ध्यात सुटलं गं. ओळ अर्ध्यात सुटली."

"होतं असं. घसा बसला की होतं."

"घसा नाही. घसा आहे जागेवर." तिने छातीवर हात ठेवला. "इथं पुरत नाहीये. बाकीच्यांनी पुढे म्हटलं. मी नुसतं तोंड हलवलं."

त्या बाईने आयुष्यात कधी नुसतं तोंड हलवलं नव्हतं, ना गाण्यात ना दुसऱ्या कशात. मला तिचा राग आला, डॉक्टरांचा आला, रस्ता खोदणाऱ्यांचा आला. माझं असंच आहे, वाईट वाटलं की मला आधी राग येतो. मी माझं फडकं घेतलं आणि तिचं टेबल खसाखसा पुसून काढलं. ती करडी भुकटी उन्हाच्या पट्ट्यात वर उडाली आणि आम्हा दोघींच्या मध्ये बराच वेळ तरंगत राहिली.

त्याच आठवड्यात साहेबांनी बाजरीची गोणी आणली.

मावशींनीच सुचवलं होतं. त्यांच्या गावाकडे एक आजारी माणूस पाखरांना दाणे घालून उठून बसला होता म्हणे. "त्यांच्या हातानं घालू द्या साहेब. मुकं जनावर हाय, लय आशीर्वाद लागतो." साहेब हळवे माणूस. वडिलांचं सगळं त्यांनी जसंच्या तसं सांभाळलेलं. छज्ज्यावर दुसरी परात आली, शिवाय पाण्यासाठी मातीचं भांडं. आणि ठरलं असं की रोज सकाळी दाणे ताईच घालेल, दोन्ही हातांनी, ती बरी होईपर्यंत.

ताईचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. तिच्या घरात नवस, उतारा, असलं काही चालत नसे, आणि एरवी ती मावशींची यावरून भरपूर थट्टा करायची. पण त्या दिवशी तिने सगळ्यांचे चेहरे बघितले. साहेब गोणीचं तोंड सोडत होते. मावशींच्या डोळ्यांत पाणी होतं. मीही तिच्याकडे आशेने बघत असणार. ती म्हणाली, "पुण्यासाठी नाही हं. भुकेल्या पाखरांसाठी घालते." आणि तिने झडप उघडली.

कबुतरं आधी ओळखीची चार-पाच असायची. गोणी आल्यापासून छज्जा दिसेनासा झाला. झडप उघडली की एकदम फडफड उठायची, तिच्या तोंडावर वारा यायचा, केसांत बारीक पिसं अडकायची. ती डोळे मिटून, ओंजळ बाहेर धरून उभी राहायची. मी पाठीमागून तिची पिसं काढून द्यायचे. काही कबुतरं एसीच्या मागे घुसायची आणि तिथून घुमत राहायची, दिवसभर, एसीच्या घरघरीत मिसळून. तो आवाज आम्हाला शुभ वाटायचा. आज ते चित्र डोळ्यांसमोर आलं की मला ओरडून त्या खोलीतल्या सगळ्यांना बाहेर काढावंसं वाटतं.

ती खालावतच गेली. दोन वाक्यं सलग बोलता येईनात. ओठ काळसर दिसायला लागले तेव्हा तिच्या भावाने छातीच्या डॉक्टरांची वेळ घेतली, आणि त्याला सुट्टी मिळाली नाही म्हणून मी सोबत गेले. सीटी स्कॅन झालेला होता. डॉक्टर पोरसवदा होते. त्यांनी फिल्म उजेडावर धरली. नकाशे काढून काढून मला पांढऱ्या-काळ्या रेषा वाचायची सवय. जिथे मोकळं काळं असायला हवं तिथे जाळं धरलेलं मला दिसत होतं.

डॉक्टरांनी फिल्म खाली ठेवली आणि विचारलं, "घरी कबुतरं येतात का?"

ताई म्हणाली, "नाही. घरी... नाही येत."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी तिच्याकडे. त्या खोलीतही एक एसी चालू होता, त्याचा आवाज मला एकदम फार मोठा वाटायला लागला.

"ऑफिसात," मी म्हणाले.

ते शांतपणे एकेक विचारत गेले. किती, कुठे, एसी कोणता, कधीपासून. रविवारी बरं वाटतं का. सुट्टीत बरं वाटत होतं का. आम्ही उत्तरं देत गेलो. बाजरीचं सांगायची वेळ आली तेव्हा ताईच बोलली. "मी घालते. रोज." डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी सांगितलं की वाळलेल्या शिटेची आणि पिसांची बारीक भुकटी श्वासातून आत जाते, सगळ्यांनाच बाधते असं नाही, पण ज्याला बाधते त्याचं फुप्फुस त्या भुकटीशी भांडत राहतं आणि भांडता भांडता कडक होतं. आता गोळ्या सुरू करू, त्या ऑफिसात पुन्हा पाऊल टाकायचं नाही. ताईने विचारलं, "गाता येईल ना?" ते म्हणाले, "जे कडक झालंय ते परत मऊ होत नाही, ताई. आहे तेवढं सांभाळू."

रिक्षात ती दत्त मंदिराचा चौक आला तेव्हा म्हणाली, "मावशींना सांगू नकोस. जीव घेतील स्वतःचा." आणि मला रडू फुटलं, तिला नाही.

साहेबांना सांगावंच लागलं. त्यांनी त्याच दिवशी एसीवाल्याला बोलावलं. त्याने पुढचं झाकण काढलं, जाळी काढली, आणि तोंडाला रुमाल बांधून बाहेर जिन्यात गेला. आत घरटं होतं. काड्या, पिसं, वायरचे तुकडे, एक फुटलेलं अंडं, आणि सगळीकडे ती करडी, मऊ भुकटी, हाताच्या जाडीएवढी. साहेब त्या भुकटीकडे बघत उभे राहिले. "बाबांनी सुरू केलं होतं," एवढंच म्हणाले. मग खाली बसले. त्यांना पाणी द्यायला मी उठले, आणि हात धुतल्याशिवाय ग्लासाला हात लावायची मला हिंमत झाली नाही.

एसी काढला. पराती काढल्या, झडप खिळे मारून बंद केली, छज्ज्याला जाळी लावली. फॉल्स सीलिंग तेवढं राहिलं, त्याच्या वर काय साठलंय ते कोणी बघितलं नाही. हातातली योजना संपली की तेही काढू, असं साहेब म्हणाले. मावशींना आम्ही नुसतं एसी खराब झाला म्हणून सांगितलं.

जयंतीला मी गेले. स्टेजच्या बाजूला ताईला खुर्ची दिली होती, नाकात नळी, पायाशी ऑक्सिजनचं मशीन. पहिलं गाणं वसाहतीतल्या एका पोरीने म्हटलं. चांगलं म्हटलं, ओळीच्या मध्ये श्वास घेऊन. ताई मांडीवर बोटांनी ताल धरत होती आणि तिचे ओठ मिटलेले होते. नुसतं तोंड हलवायला ती या वेळी तयार नव्हती.

या गोष्टीला आता काही महिने झाले. पितृपक्ष लागलाय. परवा साहेब माझ्या टेबलाशी घुटमळले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, पंधरवड्यापुरती एक मूठ... गच्चीत वगैरे?" मी त्यांना काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बिचारे निमूट परत गेले. कबुतरं अजून येतात. जाळीला पंजे अडकवून दहाच्या सुमाराला लोंबकळतात आणि चोच आत घालून बघतात. मी त्यांच्याकडे पाठ करून बसते. तरी कळतं.

ताईचा फोन रोज दुपारी येतो. चार-पाच शब्द, मग श्वास, मग पुढचे शब्द. मला आता तिच्या थांबण्याची इतकी सवय झालीय की मीही तशीच बोलते. आज ती रिमझिम पाऊस, भावाच्या मुलाचा निकाल, असं काही सांगत होती. तेवढ्यात माझ्या घशात खाज आली. गेले काही दिवस येतेय. रस्ता अजून खोदलेलाच आहे ना, त्याची धूळ. मी फोनवर तळहात दाबला, तोंड फिरवलं, आणि शक्य तितकं हळू खोकले. दोनदा. मग फोन कानाला लावून म्हणाले, "हं, बोल."

पलीकडे मशीनची फुसफुस तेवढी ऐकू येत होती.

"ताई?"

"रविवारी..." ती थांबली. श्वास घेतला. "रविवारी कमी होतो का गं?"

समोर खिडकीत एसीच्या जागी ठोकलेली फळी होती. तिच्या कडेला मी सकाळीच पुसलेली करडी रेघ पुन्हा उमटली होती. आज सोमवार. काल दिवसभर मी एकदाही खोकले नव्हते.